चार मुकी दारं

हमरस्त्याला लागून असलेल्या एका गावात एक भोळा भाचा होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गाव वेगळा शब्द वापरायचं, तो इथे लिहिण्यासारखा नाही. भाच्याचं नाव केरबा. वय अठ्ठावीस, अंगाने धिप्पाड आणि डोकं कोरं करकरीत, कधी न वापरलेलं.

त्याचे मामा रंगराव. त्यांचं गाड्या सजवायचं दुकान होतं आणि शालन नावाची एकुलती एक मुलगी होती. रंगरावांच्या बहिणीने, म्हणजे केरबाच्या आईने, शालन पाळण्यात असतानाच तिला आपल्या केरबासाठी मागून ठेवलं होतं. मामाची मुलगी भाच्याला, अशी रीत. रंगरावांनी तेव्हा मान डोलावली. आता भाचा समोर आला की ते कपाळाला हात लावायचे. बहिणीला ते आक्का म्हणायचे आणि तिला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. मुलीला या ठोंब्याच्या गळ्यात बांधायचं मनही नव्हतं.

अशात बबनराव ढवळ्यांची गाडी दुकानात आली. तिच्यात गाणं लावलं की दारांचे पत्रे थडथडायचे. गाणं कमी आणि पत्राच जास्त ऐकू यायचा. दारांना आतून जाड चिकट शीट लावायची, म्हणजे पत्रा गप्प बसतो आणि गाणं खुलतं. शालन हे काम दोन तासांत करायची.

पण रंगरावांना युक्ती सुचली. आक्कासमोर ते म्हणाले, “केरबा, ह्या गाडीची चारी दारं तू एकट्यानं गप्प करायचीस. चारीतनं चूं आवाज आला न्हाई, तर त्याच दिवशी शालन तुझी. जमलं न्हाई, तर मी शब्दातनं मोकळा.”

“आबा, मला कुणी इचारलं?” शालन म्हणाली.

“तू गप बस,” रंगराव म्हणाले. त्यांना खात्री होती. केरबाच्या हातून बिघडणार नाही असं काम अजून जगात निघालं नव्हतं.

शिकवायला मात्र हवंच, कारण आक्का समोरच खुर्ची टाकून बसली होती. रंगराव म्हणाले, “दार ठोकून बघायचं. टण वाजलं की शीट लावायची. धप्प वाजलं की थांबायचं. आलं ध्यानात?”

“आलं, मामा.”

रंगराव जेवून आले तर पहिलं दार बाहेरून चांदीसारखं चमकत होतं. केरबाने दार बाहेरून ठोकलं होतं, शीटही बाहेरून लावली होती. दाराची मूठसुद्धा शीटखाली गेली होती.

“आरं, आतनं! दाराचं पॅनेल काढ, आतल्या पत्र्याला लाव आन् एकबी भोक उघडं ठेवू नगंस.”

“मग तसं सांगायचं न्हवं, मामा?”

केरबाने दुसऱ्या दाराला आतून शीट लावली. एकही भोक उघडं ठेवलं नाही. काचेवरून आत शिरलेलं पाणी वाहून जावं म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात, तीही बुजवली. मग गाडी धुतली. बबनरावांनी सहज डोकावून दार उघडलं, तर आतून मासे पोहत असल्यासारखा डबक डबक आवाज.

रंगरावांनी कपाळ बडवलं. “पाणी जिथं शिरतं तिथं तळाला भोक पायजेच! जन्मभर ध्यानात ठेव.”

“ठेवलं, मामा.”

त्याने खरंच ठेवलं. संध्याकाळी मामीने पाण्याचा हंडा उचलला, तर पाण्याची धार थेट तिच्या पायावर. केरबाने ड्रिल घेऊन हंडा, घागर, कळशी, सगळ्यांना तळाला भोकं पाडून ठेवली होती. देवघरातल्या तांब्यालाही.

“माज्या म्हायेरचा हंडा!” मामी रडायला लागली.

“मामी, पाणी शिरतंय त्यात,” केरबा समजुतीने म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दारांतले चारी स्पीकर गायब. शोधाशोध झाली. चोरी झाली म्हणून रंगराव घामाघूम. शेवटी स्पीकर आक्काच्या घरी, धान्याच्या कणगीत सापडले. दुकानात धूळ बसेल म्हणून केरबाने घरी नेऊन ठेवले होते.

रंगराव भर रस्त्यात ओरडले, “दुसऱ्याचं कायबी आपल्या घरी न्यायचं न्हाई! कुणी दिलं तरी न्यायचं न्हाई! धर कान!”

केरबाने कान धरले. “कुणी दिलं तरी न्हाई,” तो पुन्हा पुन्हा घोकत राहिला.

चौथ्या दिवशी सकाळपर्यंत केरबाने चारी दारांना आतून शीट लावली, पण रंगरावांना आता कंटाळा आला होता. जाता जाता एवढंच म्हणाले, “स्पीकर बशीव, गाणं लाव आन् दारावर हात ठेव. जे थरथरतंय, तेच आवाज करतंय. त्येला शीट लावून रोलरनं दाब.”

दुपारी बबनराव गाडी न्यायला आले. आक्का, मामी, शालन, सगळे जमले. केरबाने दार लावलं. धप्प! आवाज कसा भरीव. रंगरावांचा चेहरा पडला. दुसरं दार, धप्प. तिसरं, चौथं, धप्प, धप्प. बबनराव खूश होऊन आत बसले आणि गाणं लावलं.

काही नाही. आवाज वाढवला, तरी काही नाही. पार शेवटपर्यंत वाढवला. शेवटी दाराला कान लावून बसले.

“मामा, सगळ्यात जास्त थरथरणारं मला घावलं,” केरबा छाती फुगवून म्हणाला. “दाराच्या पोटातली ती गोल काळी तबकडी. चारीच्या चारी दाबून टाकल्या. आता चूं न्हाई.”

चार स्पीकरांवर चार शीट, वर रोलर फिरवलेला.

रंगराव हसणार, तोच आक्का उठली. “चारी दारं गप्प हायत. चूं आवाज न्हाई. शब्द म्हंजे शब्द, रंगा!”

भाच्याला अडकवायला खणलेल्या खड्ड्यात ते स्वतःच पडले होते. शालनकडे बघायचं त्यांना धाडस होईना. डोळे पुसत ते कसेबसे म्हणाले, “ने बाबा. शालनला घरी ने.”

केरबा चार पावलं मागे सरला आणि त्याने दोन्ही कान धरले. “मला फसवता व्हय, मामा? शालन कुणाची?”

“माजी.”

“मग? दुसऱ्याचं कायबी घरी न्यायचं न्हाई. कुणी दिलं तरी न्हाई!”

“आरं लेकरा, ही तुजीच…” आक्का गयावया करायला लागली.

“न्हाई म्हंजे न्हाई! कालच मार खाता खाता वाचलोय.”

“आयकलंस, आक्का?” रंगराव पुढे सरसावले. “मी दिली. तुजा ल्योकच नको म्हनतोय. सुटलो आपण सगळे!”

आक्काचा संताप अनावर झाला. तिने मूठ वळली आणि लेकाच्या टाळक्यात एक सणसणीत टोला हाणला.

टण!

सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं. केरबाचा चेहरा उजळला.

“आये, थांब,” तो म्हणाला, “शीट उरलीय.”

रोलर शालनने स्वतः आणून दिला.