ग्रंथघरातले वल्हे

फार जुन्या काळची गोष्ट. राजाला गादीवर बसून सोळावे वर्ष लागले होते. महिना पौषाचा होता. शेतात हरभरा घाट्यांवर आला होता.

नदीकाठी एक गाव होते. गावात एका खोलीचे ग्रंथघर होते. म्हाळसाई नावाची म्हातारी ते सांभाळायची. तिथला रिवाज कडक होता. ज्याने पुस्तक न्यावे, त्याने फळीवर पुस्तकाच्या रिकाम्या झालेल्या जागी आपले पोटाचे हत्यार तारण ठेवावे. न्हाव्याने वस्तरा, सुताराने रंधा. म्हणून पुस्तके कोणाच्या घरी पडून राहत नसत.

गावचा नावाडी त्या घराची पायरी कधी चढला नव्हता. त्याला अक्षर येत नव्हते, आणि येत नाही असे कबूल करणे त्याला त्याहून जड होते.

पण त्याच्या बायकोने अंथरूण धरले होते. वैद्याने हात टेकले होते. एके सकाळी ती म्हणाली, "अहो, लहानपणी जत्रेत एकाने गोष्ट सांगितली होती. बहीण भावाला शोधायला मिठाचं रान तुडवत निघते. पुढचं ऐकायच्या आत बापानं मला घरी नेलं. ती पोचली का हो? तेवढं कळलं की मी मोकळी."

नावाडी उठला. ग्रंथघरात जाऊन त्याने वल्हे फळीवर आडवे ठेवले. "मिठाच्या रानाची गोष्ट दे," म्हणाला.

दाराशी बसलेला न्हावी हसला. "काय नावाडीबुवा, आता पुस्तकानं नाव वल्हवणार?"

नावाडी पुस्तक काखेत घेऊन निघाला. घरी येऊन त्याने ते देवळीत ठेवले. हळदकुंकू वाहिले, हात जोडले. पोथी घरात असली की पुण्य लागते, तशी गोष्टही आजाऱ्याला पोचेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. कोणाला 'वाचून दाखव' म्हणणे त्याच्याने होईना.

दिवस गेले. बायको देवळीकडे बघत राही. वल्ह्यावाचून नाव काठाला बांधलेली होती. पलीकडच्या काठचा बाजार बुडाला. अखेर कुंभारीण तावातावाने दारात आली. तिच्यामागे अर्धे गाव.

"भाऊजी, माझी मडकी काय पोहत जाणार? संपवा की ते पुस्तक!"

मग तिची नजर देवळीत गेली. कुंकू लावलेले बंद पुस्तक. खाली सुकून गेलेली बाई. कुंभारीण थबकली. "वाचतंय कोण?"

नावाड्याची मान खाली गेली. आयुष्यात पहिल्यांदा.

"मला येत नाही. तू वाच, बाई. तिच्याजवळ वेळ नाही."

कुंभारणीने हात पदराला पुसले आणि ती वाचू लागली.

नावाड्याने मोठमोठे पूर पाहिले होते. पण हे त्याने कधी पाहिले नव्हते. मुंगीएवढ्या काळ्या खुणांतून वारा सुटला. मीठ चमकले. चालता चालता बहिणीच्या टाचा फुटल्या. कुंभारणीचा घसा बसला तेव्हा हसणाऱ्या न्हाव्यानेच पुस्तक हाती घेतले, त्याच्यानंतर सुताराने. अंगणात गाव मावेना. बाजाराचे नाव कोणी काढले नाही. एखाद्या गाईच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

उन्हे कलली. भावाच्या दारात बहिणीने हाक मारली, आणि गोष्ट संपली.

"पोचली तर," नावाड्याची बायको म्हणाली. नवऱ्याचा हात धरून तिने डोळे मिटले.

लहानथोर हो, नुसते पूजल्याने पुस्तक बोलत नाही. मान लववून मागितले, तर अख्खे गाव त्याचा आवाज होते.

बायकोचे दिवस झाल्यावर नावाड्याने पुस्तक परत नेले. म्हाळसाईने वल्हे पुढे केले.

"घ्या. सुटलं तुमचं तारण."

"राहू दे तिथंच. मी नवं तासलंय. ज्याच्याजवळ ठेवायला काही नाही, त्याला ह्या वल्ह्यावर पुस्तक दे."

त्याच दिवशी एका भिकारणीने त्या वल्ह्यावर पहिले पुस्तक नेले. नावाड्यावरचे गावाचे ऋण फिटले.