काथ्याकूट

“पण ‘शिष्य’ या शब्दात बाई येते कुठे, बुवा?”

नीळकंठ बारा वर्षं खाडीकाठच्या या मठात शिकला होता आणि आता स्वतःला शास्त्री म्हणवून घेत होता. दारात आवडाबाई उभी होती, काथ्या कुटणारी. तिला पोथी वाचायला शिकायचं होतं. याआधी दोनदा नीळकंठाने तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं.

मठाचे गुरू धाकूबुवा आत पोथी उघडून बसले होते.

“नियम आहे,” नीळकंठाने पुढे रेटलं, “शिष्यानेच आत यावं. कुणी म्हणेल, शिष्य म्हणजे शिकणारा कुणीही. पण शिकणं सुरू होतं आत आल्यावर. मग आत येण्याआधी ही शिकणारी कशी?”

“अगो बाई! मग तुम्ही कसे आलात आत?”

नीळकंठ लालबुंद झाला. “उगाच काथ्याकूट नको!”

“काय म्हणालात?”

“काथ्याकूट. शब्दांचा नुसता कीस. ज्यातून काही निघत नाही, ते बोलणं.”

आवडाबाई भडकलीच. “निघत नाही? तीस वर्षं कुटतेय मी. दोन पोरं वाढवली त्यावर. निघत नाही म्हणे!”

तिने डोक्यावरची टोपली धाडकन उतरवली. आत नारळाची सोडणं होती. काही कोरडी, काही महिनोन्‌महिने खाडीत कुजवलेली, काळी. तिने लाकडी मोगरी पुढे केली.

“घ्या. कुटा.”

नीळकंठाने बुवांकडे पाहिलं. बुवांनी मान डोलावली.

कुजलेल्यांना घाण वास येत होता, म्हणून त्याने कोरडं उचललं. पायरीवर ठेवून कुट कुट कुटलं. हाताला झिणझिण्या आल्या, सोडणाचे तुकडे उडाले.

“बघा! नुसता भुसा,” तो खुशीत म्हणाला.

“ते भिजलेलंच नाही,” म्हणत आवडाबाईने काळं सोडण घेतलं. कुटलं, झटकलं. लांब, सोनेरी काथ्या निघाला. मांडीवर वळून तिने त्याची दोरी केली.

“ओढा.”

त्याने ओढली. जोर लावून ओढली… तुटली नाही.

“आता मला हाकलायचं तर धड कारण सांगा. नाहीतर ही मी आत चालले.”

आणि ती उंबरा ओलांडून थेट पोथीसमोर जाऊन बसली.

“बुवा!” नीळकंठ ओरडला. “निदान तुम्ही तरी सांगा, ही आत येऊ शकते का?”

बुवांनी पोथी तिच्याकडे सरकवली.

“ती आली. नीळू, तू खाडीवर जा. भिजून ये.”