उभ्या दगडाची सावली

बालमित्रांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका रानात एक हरिणी राहत होती. तिला एकुलते एक पाडस होते आणि ते भारी उनाड होते. पाणवठ्यावर जाताना आईच्या चार उड्या पुढे, परत येताना चार उड्या मागे. हरिणीचा निम्मा दिवस त्याला हाका मारण्यातच जाई.

या रानाचा राजा होता एक गवा. तुम्ही म्हणाल, राजा तर सिंह असतो. पण इथे सिंह नव्हता, आणि इथे कुणी जन्माने राजा होतही नसे. सगळ्या प्राण्यांनी मिळून गव्याला राजा केले होते आणि त्याला पुष्कळ अधिकार दिले होते. पाण्याच्या पाळ्या त्याने लावायच्या, वणवा लागला तर कुणी कुठे पळायचे ते त्याने सांगायचे, गुन्हेगाराला शिक्षाही त्यानेच करायची. फक्त एक अट होती. रानाच्या मधोमध माळावर एक उभा दगड होता. ज्याच्यावर आरोप येईल त्याला त्या दगडापाशी आणायचे. दगडाच्या सावलीपासून एका खुराएवढ्या अंतरावर पांढरा गोटा ठेवायचा. सावली सरकत सरकत त्या गोट्याला शिवेपर्यंत आरोपीने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. तोवर राजानेही त्याच्या अंगाला शिंग लावायचे नाही. याला रानात ‘सावली देणे’ म्हणत. गव्याने त्या दगडाला कपाळ टेकवून ही अट कबूल केली, तेव्हाच तो राजा झाला.

एका कडक उन्हाळ्यात हरिणीचे पाडस हरवले. सकाळी पाणवठ्यावरून परतताना तिने मागे वळून पाहिले, तर ते मागे नव्हते. तिने हाका मारल्या, जाळ्या धुंडाळल्या, दोन टेकड्या पालथ्या घातल्या. दुपारी ती माळावर आली तेव्हा तिच्या घशातून आवाज फुटत नव्हता. सगळे रान तिच्याभोवती जमले. आता कोणी कुठे शोधायला जायचे हे गवा सांगत होता, एवढ्यात ओढ्याच्या बाजूने तरस धावत आला. त्याच्या तोंडाला रक्त लागले होते.

तरस कुणालाच आवडत नसे. तो मेलेली जनावरे खाई, त्याच्या अंगाला घाण वास येई, आणि त्याने तोंड उघडले की आवाज हसल्यासारखा निघे. त्याची पाण्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी असे आणि त्याच्याशी कुणी दोन शब्द बोलत नसे. आता त्याने काही सांगायला तोंड उघडले आणि घाबरल्यामुळे त्याचा तो आवाज आणखीच मोठा निघाला.

“हसतोय बघा,” झाडावरून वानर ओरडला. “तिचं लेकरू खाल्लं आणि वर हसतोय.”

मग काय विचारता. चहूकडून एकच गलका उठला. डुकरांनी तरसाला मागून ढकलले, सांबरांनी वाट अडवली. गव्याचे डोळे लाल झाले. तो काही दुष्ट राजा नव्हता. पाडस त्याच्या पायांतून खेळलेले होते, आणि म्हणूनच त्याचा राग अनावर झाला. “याला आत्ताच्या आत्ता कड्यावरून लोटतो,” तो म्हणाला.

“राजा, आधी सावली दे,” खालून एक बारीक आवाज आला. ते म्हातारे कासव होते. गोटा ठेवण्याचे काम त्याच्याकडे असे.

“एरवी दिली असती, कासवदादा. पण रक्त डोळ्यांना दिसतंय. ऐकायचं काय राहिलंय? आजच्या दिवसापुरती अट बाजूला ठेवू.”

“आज बाजूला ठेवलीस, तर उद्या ती परत कोण आणणार?” कासव म्हणाले. “तुझं राजेपण त्या अटीवर उभं आहे.”

तेव्हा गव्याला वाटले, आपल्याला सोपी वाट सापडली. तो हरिणीकडे वळला. “बाई, लेकरू तुझं गेलंय. तूच सांग. याला सावली द्यायची की नाही?”

सगळे रान हरिणीकडे पाहू लागले. तिला ते रक्त दिसत होते. ते कुणाचे असेल हा विचार तिला सोडत नव्हता. नुसते ‘नको’ म्हटले की काम भागणार होते, आणि तो शब्द तिच्या ओठांवर आलाही होता. पण तिची नजर त्या उभ्या दगडाकडे गेली.

मागच्या उन्हाळ्यात ती स्वतः त्या दगडापाशी उभी होती. पाणवठा तुडवून कुणीतरी सगळे पाणी गढूळ केले होते आणि तिच्या पायांना चिखल लागलेला होता. तेव्हाही वानर असाच ओरडला होता. तेव्हाही सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होते. सावली मिळाली म्हणून ती सांगू शकली की चिखल नदीकाठचा लाल आहे, पाणवठ्यावरचा काळा नाही.

“मला हा आवडत नाही,” हरिणी कशीबशी म्हणाली. “यानेच खाल्लं असेल असं मला वाटतंय. तरी याला सावली द्या.”

कासवाने तोंडाने ढकलत ढकलत गोटा जागेवर आणला. तरस दगडापाशी उभा राहिला. तो बोलायला गेला आणि पुन्हा तेच हसणे बाहेर पडले.

हरिणीला ते सहन होईना. आपण केवढी मोठी चूक केली असे तिला वाटले. गव्याने खुराने माती उकरली. “पुरे झालं,” वानर म्हणाला.

“सावली अजून गोट्याला लागलेली नाही,” कासव म्हणाले.

सावली सरकत होती. आता बोटभर अंतर उरले. तरसाने डोळे मिटले, दोनदा श्वास घेतला आणि एकदाचे त्याच्या तोंडून शब्द फुटले. “जिवंत आहे ते. कोरड्या ओढ्यात, दोन धोंड्यांच्या फटीत अडकलंय. वरचा धोंडा हलतोय. मी कान धरून ओढलं, तर कानच फाटला. माझ्याच्यानं धोंडा निघत नाही. राजाला बोलवायला आलो होतो.”

हरिणी ओढ्याकडे धावली. गवा तिच्यामागून निघाला. तरस पुढे होऊन वाट दाखवू लागला. ओढ्यात दगड तव्यासारखे तापले होते. फटीतून बारीकसा आवाज येत होता, मधेच तो थांबे, आणि तो थांबला की हरिणीचा जीव थांबे. गव्याने धोंड्याखाली शिंगे घातली आणि सारा जोर लावला. धोंडा गडगडत खाली गेला. पाडस धडपडत बाहेर आले. त्याचा एक कान फाटला होता, बाकी ते धडधाकट होते. हरिणी त्याला चाटत राहिली आणि रडत राहिली.

“आणखी थोडा वेळ गेला असता तर धोंडा आत बसला असता,” गवा धापा टाकत म्हणाला. त्याने तरसाकडे पाहिले आणि मान खाली घातली. “आणि तुला मी कड्यावरून लोटलं असतं, तर ही जागा कुणाला कळलीच नसती.”

मग तो हरिणीला म्हणाला, “तुझ्या बाबतीतही मी चूक केली. सावली द्यायची की नाही, हे मी तुला विचारायलाच नको होतं. ती याची होती. नाकारायचा अधिकार मलाही नव्हता आणि तुलाही नव्हता.”

आपल्या ओठांवर आलेला तो एक शब्द हरिणीला आठवत होता. तो बाहेर पडला असता तर आपल्या लेकराला आपणच मारले असते, हे तिला कळले होते.

संध्याकाळी पाणवठ्यावर शेवटची पाळी तरसाची आली. हरिणीला त्याचा वास अजूनही आवडत नव्हता. तरीही ती पाडसाला घेऊन तिथेच थांबली आणि त्याचे पाणी पिऊन होईपर्यंत काठावरून हलली नाही.

तात्पर्य : राजा कितीही भला असला, तरी त्याच्या सत्तेला मर्यादा हवी, आणि आपली बाजू मांडण्याचा हक्क नावडत्यालाही मिळाला, तरच तो आपल्यासाठी शिल्लक राहतो.