छपराचा साकव

फार पूर्वी, नद्या डोंगरांनाही दटावत असत तेव्हाची गोष्ट. धाकू सुतारानं एकही खिळा न वापरता, नुसत्या खुंट्या ठोकून नदीवर लाकडी साकव बांधला. पवळी गाईचं तान्हं वासरू मालकानं खांद्यावरून पलीकडे नेलं. ते भुकेनं हंबरू लागलं, पण फळ्यांच्या फटींतून उसळतं पाणी दिसताच पवळीचे पाय जागीच खिळले.

"ये गं बाई! माझ्यावर सात हत्ती नाचले तरी मी हलायचा नाही," साकव फुशारला.

"तुझं बळ मला दिसत नाही रे दादा. मला नदी दिसते."

त्या काळी सुतारांना गाईंचं बोलणं कळत असे; आता शेजाऱ्याचंही कळत नाही. धाकूनं साकवाला कुडाच्या भिंती घातल्या, वर गवताचं छप्पर चढवलं आणि फळ्यांवर पेंढा अंथरला.

"मेल्या, माझा गोठा केलास की!" साकव रडकुंडीला आला.

पेंढ्याच्या ओळखीच्या वासामागून पवळी आत शिरली. मध्यावर तिनं मान वर केली आणि बघतच राहिली. खाली नदी गरजत होती आणि तिच्यावर एवढं मोठं घर अधांतरी उभं होतं! मग वासरू पुन्हा हंबरलं, तशी ती धावत सुटली.

तेव्हापासून साकव हत्तींचं नाव काढत नाही. गुरं आत आली, की एक फळीसुद्धा करकरू नये म्हणून तो श्वास रोखून धरतो.