मोंगीचा खडक

शेवंडी बेटावर एक नियम आहे. सासरी निघालेल्या नवरीने होडीत बसल्यावर मागे वळून पाहायचे नाही. का, हे विचारायचे नाही. मी लहानपणापासून विचारत आले आणि दर वेळी मला एकच उत्तर मिळाले, "तिकडे बघ, मोंगी उभी आहे."

मोंगी म्हणजे बेटाच्या तोंडाशी, समुद्रात उभा असलेला काळा खडक. पदर घेतलेल्या बाईने मान वळवून बेटाकडे पाहावे, तसा त्याचा आकार. माझ्या लग्नाला पलीकडच्या काठाहून आलेल्या वऱ्हाडाचे लक्ष आधी त्याच्याकडेच गेले. निम्मे वऱ्हाड होडी लागून वाळूत आडवे झाले होते. तरीही माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे हर्षलच्या, मावशींनी विचारलेच, "ही कोण हो?"

मग काय! आमच्या बेटावरचे सगळ्यात जुने तांडेल, म्हणजे होडी हाकणारे, धाकूआजा पुढे सरसावले. बँजोवाल्यांना त्यांनी हातानेच गप्प केले आणि सांगायला घेतले.

फार पूर्वी, म्हणे, शेवंडीतून बाहेर पडणे म्हणजे जिवाशी खेळ होता. बेटाभोवती पाण्याखाली खडकांची रांग. भरतीला ती दिसत नाही आणि ओहोटीला होडी निघत नाही. दर हंगामात एखादी होडी फुटायचीच. म्हणून होडीतला प्रत्येक जण पुढच्या पाण्यावर डोळे लावून बसायचा. मागे पाहायला उसंत कोणाला?

त्या काळी मोंगी नावाची एक हट्टी मुलगी होती. तिचे लग्न पलीकडच्या गावी झाले. आईने दारात लावलेला माड दिसेनासा होईपर्यंत मी तुझ्याकडे पाहत राहीन, असे तिने आईला वचन दिले. निघताना सगळे पुढे वाकून खडकांवर फुटणारा फेस शोधत होते आणि ही एकटी बेटाकडे तोंड करून बसली होती. पाहता पाहता तिच्या ध्यानात आले, की माड टेकडीवरच्या देवळाच्या कळसाखाली सरळ दिसतो तोवर होडीखाली काळेभोर, खोल पाणी असते. माड बाजूला सरकला, की होडीशेजारी पाणी उकळू लागते. ती ओरडली, "बाबा, डावीकडे घ्या!" सुकाणूवर तिचा बाप होता. तो हसला. होडीचा तळ खडकाला घासला, तेव्हा त्याचे हसू विरले आणि त्याने लेकीचे ऐकले. होडी सुखरूप बाहेर पडली. त्यानंतर शेवंडीची एकही होडी त्या खडकांवर फुटली नाही, असे सांगतात.

"मग तिचा खडक कसा झाला?" मावशींनी विचारले.

आजांनी आवाज खाली आणला. मोंगीचे शरीर सासरी पोचले, पण जीव इकडेच राहिला. ना तिला सासर गोड लागले, ना माहेर पुन्हा दिसले. एके दिवशी ती तशीच पाण्यात शिरली, निम्म्या वाटेवर आली आणि तिथेच तिचा खडक झाला. "म्हणून आमच्या लेकी मागे बघत नाहीत," आजा म्हणाले. मावशींनी डोळे पुसले. बँजो पुन्हा सुरू झाला, तशा त्याच मावशी सगळ्यांच्या आधी नाचायला उठल्या.

आजही शेवंडीतून निघणारा प्रत्येक तांडेल मान वळवून माड आणि कळस एका रेषेत धरतो. जुना माड पडला, की त्याच जागी नवा लावतात.

दुपारी भरती आली आणि आमची होडी निघाली. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून रडत होती, मधेच बँजोच्या ठेक्यावर हातही नाचवत होती. आजा सुकाणूवर होते आणि त्यांच्याजवळ माझे भिकाकाका व इतर वडीलधारे. मी चढले ती थेट बेटाकडे तोंड करून बसले.

"तोंड फिरव गो पोरी," आजा म्हणाले.

"नाही."

"आताच सांगितलं ना मोंगीचं काय झालं ते?"

"तिच्यामुळे सगळे वाचले, तेही तुम्हीच सांगितलंत."

"बघा, कॉलेजात हेच शिकवतात!" भिकाकाका कडाडले. "जावईबापू, आत्ताच काय ते समजवा हिला."

"मी? मला अजून पोहता येत नाही, काका," हर्षल म्हणाला.

होडीत हशा उसळला. आजा हसले नाहीत. त्यांची मान माडाकडे वळलेली होती.

"आजा, तुम्ही कुठे बघताय?"

"मी होडी काढतोय."

"मीही तेच शिकतेय. मोंगीने सगळ्यांना वाट दाखवली, पण परत यायला तिला कोणी होडी दिली नाही. म्हणून ती पाण्यात उभी आहे. मागे पाहिलं म्हणून नाही. मला परत यायचंय, आजा, मनात येईल तेव्हा, माझी मी होडी हाकत. मी तोंड फिरवणार नाही."

किनाऱ्यावर बँजो वाजत होता. मी माड आणि कळस एका रेषेत धरून पाहत राहिले.