कुलपासकट कपाट नेणारी अन्साक्का

ऐका, ही गोष्ट संस्थानिकांच्या राज्यातली आहे, फार फार मागची. तेव्हा आपल्या निवळखोऱ्यात मोटार येत नव्हती. राजधानीला जायचं तर दोन घाट ओलांडायचे आणि मध्ये नदी. त्या काळी खोऱ्यात अन्साक्का नावाची सुईण होती. सात वाड्यांतलं प्रत्येक मूल आधी तिच्या हातात यायचं. असं म्हणतात, नुसत्या रडण्यावरून ती ओळखायची, हे मूल कुठल्या घरचं.

खोऱ्यात एक छोटा दवाखाना होता, आणि तो रावजी कंपाउंडर सांभाळायचा. एका वर्षी राजधानीतल्या आरोग्य खात्यानं हुकूम काढला. औषधं वाया जातात, म्हणून सगळ्या दवाखान्यांची कपाटं कुलूपबंद ठेवायची. किल्ल्या खात्याकडे. औषध लागलं तर अर्ज करायचा, मग खात्याचा माणूस किल्ली घेऊन येणार. आणि कुलूप तोडलं, तर तो दवाखाना कायमचा बंद.

त्याच पावसाळ्यात पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ, आली. रावजीनं अर्ज धाडला. अन्साक्का घरोघर जाऊन माणसांना मीठ घातलेली पेज पाजत होती, तरी माणसं जातच होती. पाचव्या दिवशी तिची धाकटी बहीण कोंडाबाई गेली. नवव्या दिवशी अन्साक्कानं कुलपावर दगड उचलला, आणि तेवढ्यात किल्ली आली. तोवर अठरा माणसं गेली होती.

"रावजी, हा दगड मी पहिल्याच दिवशी का नाही रे उचलला?" ती म्हणाली. ही खंत तिला जन्मभर राहिली.

खात्याचा माणूस औषध काढून देऊन, कपाट पुन्हा बंद करून किल्ली घेऊन गेला.

पुढे राजेसाहेबांनी प्रजासभा भरवायची ठरवली. खोऱ्यातून एक जण निवडून द्यायचा होता. मत द्यायला आलेल्यांतले निम्मे अन्साक्काच्याच हातात जन्मलेले, त्यांनी दुसरं नाव घेतलंच नाही. सभेच्या आदल्या आठवड्यात तिनं दवाखान्यातलं ते सागवानी कपाट कुलपासकट पाठीला बांधलं आणि निघाली. रावजी त्या सकाळी मुद्दाम लवकर नदीवर अंघोळीला गेला, म्हणजे त्याला काही दिसायला नको. असं म्हणतात, घाटात ती टेकायला थांबली की झाडंच वाकून कपाट धरायची. नदीला पूर होता, पण पाणी तिच्या घोट्यावर चढलं नाही.

सभेत तिनं कपाट मधोमध ठेवलं.

"अध्यक्षमहाराज, मला काही बोलायचं नाही. हे तेवढं उघडून द्या."

खात्याच्या मोठ्या साहेबांनी किल्ली मागवली. कारकून धावले. खात्यात किल्ल्यांची पोती होती, पण निवळखोऱ्याची किल्ली कुठली, ते कुणालाच सांगता येईना. दुपार झाली, संध्याकाळ व्हायला आली. सभा बसून होती. तेवढ्या वेळात अन्साक्कानं अठराही जणांची नावं घेतली, कोण कुणाचं कोण होतं ते सांगितलं. असं म्हणतात, भिंतीवरचं घड्याळ ऐकता ऐकता थांबलं.

मोठे साहेब चिडून म्हणाले, "बाई, किल्ली गावात ठेवली आणि उद्या कुणी चुकीचं औषध देऊन माणूस मारला, तर?"

"तर कुणी मारला ते आम्हाला ठाऊक असेल, साहेब. या अठरा जणांना कुणी मारलं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

साहेब खाली बसले. सभेनं तिथेच नवा कायदा मताला टाकला. असं म्हणतात, कायद्याच्या बाजूनं पहिला हात त्यांचाच वर गेला. कायदा असा झाला: खात्यानं डॉक्टर पाठवावा, तपासणी करावी, चूक दिसली तर शिकवावं. पण कपाटाची किल्ली गावातच राहील आणि गावच्या पंचांना विचारल्याशिवाय दवाखाना बंद करायचा नाही.

कपाट खोऱ्यात परत आलं, त्याला नवं कुलूप बसवलं, आणि लोकांनी त्याची किल्ली अन्साक्काच्याच कमरेला बांधायची ठरवली. तिनं हात मागे घेतले. "माझ्या कमरेला बांधलीत, तर मीही खातंच होईन," ती म्हणाली आणि किल्ली सगळ्यांना दिसेल अशी दारातल्या खिळ्याला अडकवली.

कायद्यानं खोऱ्यात पहिला डॉक्टर आला. अन्साक्कानं त्याला खुर्चीत बसू दिलं नाही, आधी पायी सातही वाड्या दाखवल्या.

आता संस्थान नाही, सरकारी आरोग्य केंद्र आहे. तरी नवा डॉक्टर आला की रुजू व्हायच्या आधी गाव त्याला सात वाड्या चालवतं. प्रत्येक वाडीत बसून भाकरी खायची आणि घरोघरची माणसं ओळखून घ्यायची. याला अन्साक्काची फेरी म्हणतात. गेल्या वर्षी डॉक्टरीणबाई आल्या. चौथ्या वाडीत एका गरोदर बाईच्या पायांवरची सूज त्यांना दिसली. भाकरी तशीच ठेवून त्या तिला गाडीत घालून तालुक्याला घेऊन गेल्या. माय-लेक दोघी वाचल्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या तिन्ही वाड्या भाकरी बांधून केंद्रावर आल्या, अंगणात गोल बसल्या आणि एकेकानं उठून बाईंना आपलं नाव सांगितलं.