सहाशे जोडक्रियापदं

"सांगा ना चाचा! 'पुट ऑफ' फोडून मधे शब्द घालता येतो, मग 'लुक आफ्टर' का नाही फोडता येत?"

गडाच्या पायऱ्या चढता चढता इंद्रजितनं विचारलं. गडी इंग्रजीचा एम.ए., तोही पहिल्या वर्गात. गाइड व्हायचं म्हणून दस्तगीरचाचांकडे शिकायला आलेला. आणि चाचा? शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. चाळीस वर्षं परदेशी पाहुण्यांना गड दाखवता दाखवता इंग्रजी उचललेली.

"मला नाही बाबा ठाऊक."

"माझी अशी सहाशे जोडक्रियापदं तोंडपाठ आहेत! फुटणारी वेगळी, न फुटणारी वेगळी."

"अरे वा! मग आजच्या पाहुण्या बाईंशी सकाळपासून गप्प का?"

इंद्रजित खाली बघत म्हणाला, "चुकलो तर... काय अब्रू राहील?"

चाचा पुढची पायरी चढले.

वर, वीसेक पायऱ्यांवर, ती बाई फोटो काढण्यात दंग होती. तिची दोन वर्षांची पोर मात्र मागच्या मागे दुडूदुडू निघाली... थेट ढासळलेल्या कठड्याकडे!

इंद्रजितनं ते आधी पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं. 'पिक अप'... हे फुटणारं. म्हणजे 'हर' मधे... की शेवटी?...

"मॅडम! बेबी! अप पिक! बेबी अप पिक!"

चाचा बेंबीच्या देठापासून ओरडले होते.

बाई गर्रकन वळली, धावली, आणि कठड्यापासून हातभर अंतरावर पोरीला तिनं उचललं!

हुश्श! इंद्रजित मटकन पायरीवर बसला. बाई वरून रडत, हसत "थँक यू, थँक यू" म्हणत होती. चाचांनी धापा टाकतच तिला सलाम केला.

पण सवय कुठली जाते?

"चाचा... ते 'पिक हर अप' असं हवं होतं. 'हर' मधे येतो."

"असं होय!" चाचा केवढे खूश झाले! तिथंच उभं राहून त्यांनी ते घोळवलं. "पिक हर अप... पिक हर अप... झकास!"

मग ते इंद्रजितच्या शेजारी टेकले. त्याचा हात हातात घेतला.

"तुला येत होतं... मग तू का नाही ओरडलास, बेटा?"